उपकरण बिघडलें कीं निजलें?

संगणकाशीं जोडलेलें एखादें उपकरण एकाएकीं दिसेनासें झालें म्हणजे बहुतेक घरांत एकच निवाडा ऐकूं येतो: “तें बिघडलें!” प्रिंटर कालपर्यंत चालत होता, आज संगणक त्याला ओळखीत नाहीं. माउस दहा मिनिटें स्वस्थ ठेवला, तों त्याचा बाण पडद्यावर खिळून बसला. बाहेरच्या हार्ड डिस्कमध्यें वर्षभराचे प्रकल्प आणि घरचीं छायाचित्रें सांठविलेलीं, आणि आज ती डिस्कच यादींतून नाहींशी झालेली! अशा वेळीं कोणी नवें उपकरण विकत आणतो, कोणी दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरतो, आणि कोणी उतावीळपणानें पडद्यावर येईल त्या प्रश्नास “होय” म्हणून मोकळा होतो. पहिल्या दोघांचा पैसा जातो; तिसऱ्याचें जें जातें तें पैसा खर्चूनही परत मिळेलच असें नाहीं.

वस्तुतः अशा कित्येक प्रसंगीं उपकरण बिघडलेलें नसतें; तें केवळ निजलेलें असतें, आणि त्याला निजविणारा दुसरातिसरा कोणी नसून स्वतः संगणकच असतो. वीज वाचवावी या चांगल्या हेतूनें तो आपल्याशीं जोडलेल्या उपकरणांस विश्रांति देतो. परंतु त्यांपैकीं एखादें पुन्हां जागें होत नाहीं, आणि आपण त्याला मृत समजून बसतों. ही निद्रा कशी येते, ती कधीं कधीं मोडत कां नाहीं, आणि ही निद्रा आहे कीं खरोखरचा बिघाड आहे हें घरच्या घरीं कसें पारखावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम या जोडणीची थोडी ओळख करून घेऊं. यू. एस्. बी. हीं ‘युनिव्हर्सल सीरियल बस’ या नांवाचीं आद्याक्षरें होत. येथें ‘बस’ म्हणजे रस्त्यावरची मोटार नव्हे. अनेक उपकरणांनीं मिळून वापरावयाचा सामायिक मार्ग, असा तिचा अर्थ आहे. पूर्वीं कीबोर्डास एका आकाराचें तोंड, माउसला दुसरें, प्रिंटरला तिसरें, असा प्रकार असे. आणि पुष्कळदां संगणक बंद करून मगच उपकरण जोडावें लागे. ही अडचण दूर करण्याकरितां १९९४ सालीं कॉम्पॅक, डेक, आय. बी. एम्., इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एन्. ई. सी. आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनीं एकत्र येऊन काम आरंभिलें, आणि जानेवारी १९९६ मध्यें या जोडणीचा पहिला नियमग्रंथ प्रसिद्ध झाला. या कामांत इंटेल कंपनींतील अजय भट्ट या भारतीय अभियंत्याचा वांटा मोठा होता. त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें. म्हणजे ज्या नगरीशीं महाराष्ट्राचा जुना ऋणानुबंध आहे तेथूनच हा गृहस्थ पुढें गेला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. २००० सालीं या नियमांची दुसरी व २००८ सालीं तिसरी आवृत्ति निघाली; वेग पुष्कळ वाढला, पण ज्या मूळ तत्त्वांशीं आपणांस कर्तव्य आहे तीं बहुतांशीं तींच राहिलीं.

आपल्या घरीं चपट्या, रुंद तोंडाची जुन्या धर्तीची यू. एस्. बी. पीन असेल तर ती हातांत घेऊन तिच्या आंत पाहावें. तेथें पितळी रंगाच्या चार पट्ट्या ओळीनें बसविलेल्या दिसतील. नव्या, अधिक वेगाच्या पिनींत आणखी पट्ट्या असतात, परंतु मूळच्या चार याच. दोन कडांच्या पट्ट्या विजेच्या, आणि मधल्या दोन निरोपांच्या. नीट निरखून पाहिल्यास असें आढळेल कीं, कडांच्या पट्ट्या मधल्यांपेक्षां किंचित् लांब आहेत. हें सहज झालेलें नाहीं. पीन आंत सारतांना लांब पट्ट्या आधीं टेकतात, म्हणजे उपकरणास वीज प्रथम मिळते व संभाषण मागाहून सुरू होतें. पीन ओढतांना उलट क्रम घडून संभाषण आधीं तुटतें. एवढ्याशा पितळी पट्टींतही केवढा विचार सांठविलेला असतो!

या मार्गानें उपकरणास ५ व्होल्ट दाबाची वीज मिळते. नव्यानें आलेल्या उपकरणानें प्रथम १०० मिलिअँपियरपेक्षां अधिक प्रवाह घेऊं नये, आणि संगणकाची अनुज्ञा मिळाल्यावर ५०० पर्यंत घ्यावा, असा दुसऱ्या आवृत्तीचा दंडक आहे. तिसऱ्या आवृत्तींत ही मर्यादा ९०० पर्यंत वाढविली आहे. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेला गुणाकार येथें करून पाहावा: ५ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपियर म्हणजे अडीच वॅट. हा आंकडा पुढें आपल्या उपयोगीं पडणार आहे.

आतां संगणकाला नवें उपकरण आल्याचें कळतें कसें, तें पाहूं. उपकरणाच्या आंत दीड किलोओहमचा एक रोध बसविलेला असतो. तो निरोपाच्या दोन तारांपैकीं एकीस सुमारें ३.३ व्होल्टांकडे वर ओढून धरतो. संगणकाच्या बाजूस १५ किलोओहमचा रोध त्याच तारेस खालीं, म्हणजे शून्याकडे ओढीत असतो. या रस्सीखेचींत उपकरणाचा जोर अधिक, म्हणून तारेवरील दाब एकदम सुमारें ३ व्होल्टांवर चढतो. हा दाब चढलेला दिसला कीं संगणक समजतो, दारांत कोणी तरी आलें आहे. दोनपैकीं कोणती तार वर गेली यावरून पाहुणा सावकाश बोलणारा आहे कीं जलद बोलणारा, हेंही त्याला कळतें.

त्यानंतर शाळेंतील हजेरीपटासारखा प्रकार घडतो. नव्या विद्यार्थ्यास क्रमांक नसतो. तसा नव्या उपकरणाचा क्रमांक आरंभीं शून्य असतो. संगणक त्याला विचारतो, “तुझें कुळ कोणतें, काम कोणतें, वीज किती लागेल?” उपकरण आपली माहिती सांगतें, आणि संगणक त्याला १ पासून १२७ पर्यंतचा एक क्रमांक देऊन पटावर घेतो. हे क्रमांक १२७ च कां? कारण पत्त्यासाठीं सात द्विमान अंक राखून ठेविले आहेत. त्यांपासून १२८ संख्या होतात, आणि त्यांतला शून्य नवागतासाठीं राखावा लागतो. ही सर्व प्रश्नोत्तरें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उरकतात, आणि मग आपल्याला तो ओळखीचा लहानसा सूर ऐकूं येतो. या प्रश्नोत्तरांत उपकरण अडखळलें, तर मात्र विंडोज ही प्रणाली “हें उपकरण ओळखतां येत नाहीं” अशा अर्थाचा संदेश देते.

पटावर आलेल्या उपकरणांस जागें ठेवण्याची रीत मोठी मौजेची आहे. रात्रीचा पहारेकरी जसा थोड्या थोड्या वेळानें “होशियार!” म्हणून हाक देतो, तद्वत् संगणक या मार्गावरून दर मिलिसेकंदास, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागास, एक हाक पाठवीत असतो. कोणाचें काम असो वा नसो, हाक चालूच. ही हाक ३ मिलिसेकंद ऐकूं आली नाहीं, तर उपकरणानें समजावें कीं आपणांस निजावयाची आज्ञा झाली आहे. मग त्यानें आपले बहुतेक व्यवहार आंवरून अवघ्या अडीच मिलिअँपियरवर राहावें, असा नियम आहे. मघाचा गुणाकार पुन्हां करा: ५०० च्या ठिकाणीं अडीच, म्हणजे दोनशेंवा हिस्सा! ज्याला जागेपणीं अडीच वॅट लागत होते तें निद्रेंत एका वॅटाच्या ऐंशीव्या भागावर भागवितें.

संगणकाला पुन्हां काम पडलें म्हणजे तो जागें होण्याची खूण कमींत कमी २० मिलिसेकंद धरून ठेवतो, आणि मग उपकरणास सांवरण्याकरितां १० मिलिसेकंदांची सवड देतो. कीबोर्ड व माउस यांसारख्या उपकरणांस उलट दिशेनेंही हाक देतां येते; कळ दाबतांच तेंच संगणकाला सांगतें कीं मी जागें झालों. कित्येक माउस नुसते हालविल्यानें जागे होत नाहींत, परंतु बटण दाबतांच होतात. कारण निद्रेंत त्यांचा प्रकाशाचा डोळा मिटलेला असतो, बटण मात्र सावध असतें. माउस उलटा करून पाहिला असतां त्याचा तांबडा दिवा मंद झालेला किंवा विझलेला दिसला, तर तो निजला आहे असें बहुधा समजावें. मात्र कांहीं माउसांचा प्रकाश डोळ्यांस दिसत नसतो, हेंही विसरूं नये.

कोणी विचारील, एवढ्याशा विजेसाठीं हा खटाटोप कशाला? भिंतींतल्या विजेवर चालणाऱ्या संगणकास ही बचत क्षुल्लकच आहे. पण लॅपटॉपची गोष्ट निराळी. त्याचा सगळा संसार एका लहानशा बॅटरीवर चालावयाचा असतो. शिवाय पूर्वींच्या कित्येक यंत्रांत यू. एस्. बी. चा नियंत्रक दर मिलिसेकंदास संगणकाच्या स्मृतींतील कामाची यादी वाचीत असे, आणि तो वाचीत आहे तोंवर प्रोसेसरला गाढ विश्रांति घेतां येत नसे. म्हणजे एक बिनकामाचा माउस सगळ्या घराला जागें ठेवी! हें टाळण्याकरितां ज्याचें काम नाहीं त्यालाच तेवढें निजवावें, इतरांना जागें ठेवावें, अशी योजना निघाली. विंडोजमध्यें ती २००१ सालच्या ‘एक्स्. पी.’ या आवृत्तीपासून आली असून तिचें नांव ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’, म्हणजे निवडक निद्रा, असें आहे. योजना शहाणपणाची आहे, यांत शंका नाहीं.

मग दोष कोठें उत्पन्न होतो? निजविणारा व निजणारा या दोघांनींही नियम तंतोतंत पाळले तरच ही व्यवस्था सुरळीत चालते. कांहीं उपकरणें निजतात खरीं, पण जागीं होतांना दिलेल्या सवडींत सांवरत नाहींत. कांहीं आपला क्रमांकच विसरतात, आणि जणूं आजच प्रथम आलों अशा थाटानें दारांत उभीं राहतात. संगणक जुन्या क्रमांकानें हाका मारीत बसतो आणि उत्तर कोणीच देत नाहीं. प्रिंटर व स्कॅनर यांत हा दोष विशेष आढळतो. म्हणूनच लिनक्स या प्रणालीच्या कर्त्यांनीं असा सावध नियम ठेविला आहे कीं, जोडणी वाढविणारे हब तेवढे आपोआप निजवावे. इतर उपकरणांस त्यांच्या चालक-प्रोग्रॅमनें किंवा मालकानें संमति दिली तरच निजवावें. कधीं कधीं तर उपकरणाचा कांहींच अपराध नसतो. संगणकाच्या आंतील मुख्य हब, ज्याला ‘रूट हब’ म्हणतात, तोच निजलेला असतो, आणि दारावर नवा पाहुणा आला तरी त्याची झोंप मोडत नाहीं. अशा वेळीं पेन ड्राइव्ह कितीही वेळां लावला तरी ना सूर वाजतो, ना संदेश येतो.

येथवर कारणमीमांसा झाली. आतां परीक्षेकडे वळूं. वैद्य जसा औषध देण्यापूर्वीं नाडी पाहतो, तसे पुढील चार प्रश्न स्वतःस विचारावे.

पहिला प्रश्न: उपकरण केव्हां नाहींसें होतें? चालू असतां चालू असतां नव्हे, तर कांहीं काळ स्वस्थ पडल्यावर, लॅपटॉपचें झांकण मिटून उघडल्यावर, किंवा भिंतींतली वीज काढून बॅटरीवर काम सुरू केल्यावर तें जात असेल, तर संशय निद्रेवर घ्यावा. जें उपकरण आरंभापासून एकदांही दिसलें नाहीं त्याचें दुखणें बहुधा निराळें असतें.

दुसरा प्रश्न: पीन काढून पुन्हां लावल्यास, किंवा संगणक नव्यानें सुरू केल्यास तें परत येतें काय? परत येऊन स्वस्थतेनंतर पुन्हां जात असेल, तर निद्रेचा संशय बळावतो. मेलेलें उपकरण असें वारंवार उठून बसत नाहीं.

तिसरा प्रश्न: तेंच उपकरण दुसऱ्या संगणकावर कसें वागतें? तेथें तासभर निर्वेध चाललें, तर दोष आपल्या संगणकाच्या व्यवस्थेंत आहे. तेथेंही दिसलें नाहीं, तर केबल किंवा उपकरण यांकडे पाहावें.

चौथा प्रश्न: त्याच खांचेंत दुसरें उपकरण, आणि त्याच उपकरणास दुसरी केबल लावून काय होतें? बाजारांत कित्येक केबली केवळ मोबाइल भारित करण्यापुरत्या मिळतात. त्यांत निरोपाच्या दोन ताराच नसतात. अशा केबलीनें मोबाइल भारित होतो, पण संगणकाला त्याचा पत्ता लागत नाहीं. येथें वीज वाचविण्याच्या व्यवस्थेस दोष देणें व्यर्थ होय.

विजेच्या बचतीशीं विजेच्या तुटवड्याचा घोंटाळा करूं नये, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. स्वतःची निराळी वीज नसलेला साधा हब घेतला, तर संगणकाकडून मिळणारे ५०० मिलिअँपियर त्याला सर्व पाहुण्यांत वांटावे लागतात. नियमाप्रमाणें प्रत्येकाच्या वांट्यास १०० च येतात. त्यांत माउस सुखानें राहतो, परंतु फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क उपाशी मरते. तबकडी फिरूं लागतांना तिला अधिकच प्रवाह लागतो. तो न मिळाल्यास ती टिकटिक करून थांबते. ही झोंप नव्हे, ही उपासमार होय. अशी डिस्क हबला न लावतां थेट संगणकास लावावी, किंवा ज्याला भिंतींतून निराळी वीज मिळते असा हब घ्यावा.

चारही प्रश्नांचीं उत्तरें निद्रेकडे बोट दाखवीत असतील, तर उपाय सौम्याकडून तीव्राकडे, क्रमाक्रमानें करावे. एका वेळीं एकच फेरफार करून त्याचा परिणाम निदान दिवसभर पाहावा. पांच उपाय एकदम केले आणि उपकरण चालूं लागलें, तर गुण कोणत्या उपायाचा हें कधींच कळत नाहीं, आणि उरलेले चार फेरफार विनाकारण तसेच राहतात.

पहिला उपाय अगदीं साधा. हातांतलें काम सांठवून ठेवावें, उपकरणावरील कळ दाबून पाहावी, आणि मग पीन काढून थेट संगणकाच्या दुसऱ्या खांचेंत लावावी. डिस्कचा दिवा लुकलुकत असतां मात्र पीन कदापि ओढूं नये.

दुसरा उपाय, संगणक नव्यानें सुरू करणें. येथें एक बारकावा आहे. २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून विंडोजमध्यें ‘फास्ट स्टार्टअप’ नांवाची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर संगणक आपली अंतःस्थिति डिस्कवर टिपून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशीं तीच उचलतो. त्यामुळें कालची अडचणही कधीं कधीं आजच्या पदरीं येते. ‘रीस्टार्ट’ म्हटल्यावर मात्र तो सर्व कांहीं मुळापासून आरंभितो. म्हणून अशा प्रसंगीं बंद करून सुरू करण्यापेक्षां ‘रीस्टार्ट’ हीच आज्ञा द्यावी.

तिसरा उपाय हा या दुखण्याचा मुख्य उपाय होय. विंडोजच्या ‘स्टार्ट’ बटणावर माउसचें उजवें बटण दाबल्यास एक यादी उघडते. तींत ‘डिव्हाइस मॅनेजर’ असतो. हा संगणकाचा हजेरीपटच समजावा. ज्याच्या नांवापुढें पिवळें त्रिकोणी चिन्ह असेल त्याच्या बाबतींत कांहीं अडलें आहे. तेथें यू. एस्. बी. च्या शीर्षकाखालीं ‘यू. एस्. बी. रूट हब’ अशा एक वा अनेक नोंदी सांपडतात. एकेक उघडून ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर जावें. वीज वाचविण्यासाठीं हें उपकरण बंद करण्यास संगणकाला मुभा द्यावी, अशा अर्थाचें वाक्य तेथें असून त्यामागें खूण केलेली असते. ती खूण काढावी. म्हणजे तो हब व त्याचें दार यापुढें जागें राहील. असें पान प्रत्येक नोंदीस असतेंच असें नाहीं. नसल्यास पुढील उपायाकडे जावें.

चौथा उपाय, सर्व संगणकाच्या वीजविषयक नियमांत फेरफार करणें. ‘कंट्रोल पॅनेल’ मधील ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडून चालू योजनेचीं सविस्तर कलमें पाहावीं. त्यांत ‘यू. एस्. बी. सेटिंग्ज’ या शीर्षकाखालीं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ चें कलम असतें. बॅटरीवर असतांना आणि भिंतींतल्या विजेवर असतांना अशीं त्याचीं दोन अंगें लॅपटॉपवर दिसतात. भिंतींतल्या विजेवरील अंग तेवढें बंद केलें तरी पुष्कळांचें काम भागतें, आणि प्रवासांत बॅटरीची बचतही राहते. कांहीं नव्या लॅपटॉपवर हें कलम दिसत नाहीं. तेथें तिसऱ्या उपायावरच भिस्त ठेवावी. एवढ्यानेंही गुण न आल्यास संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून त्या यंत्राचे नवे चालक-प्रोग्रॅम घ्यावे. कारण निजण्याउठण्याचे पुष्कळसे दोष कंपन्या मागाहून सुधारीत असतात. ‘तुमचे सर्व दोष एका क्षणांत घालवितों’ अशी जाहिरात करणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमांच्या नादीं मात्र मुळींच लागूं नये.

घरीं लिनक्स वापरीत असल्यास प्रत्येक उपकरणाच्या ‘पॉवर’ या कप्प्यांत ‘कंट्रोल’ नांवाची एक नोंद असते. तींत ‘ऑटो’ असें असेल तर उपकरणास निजण्याची मोकळीक आहे, आणि ‘ऑन’ असें असेल तर तें सदैव जागें ठेविलें आहे, असें समजावें. तत्त्व सर्वत्र एकच. दारें तेवढीं निरनिराळीं.

आतां दोन गोष्टी पालकांनीं व मुलांनीं सारख्याच काळजीनें ध्यानांत ठेवाव्या.

एक अशी कीं, संगणकाच्या हजेरीपटावरून मुख्य यू. एस्. बी. नियंत्रक बंद करूं नये वा काढून टाकूं नये. ज्या माउसनें आपण ही आज्ञा देतों तोच माउस आणि त्याचा शेजारी कीबोर्ड त्या नियंत्रकावर अवलंबून असूं शकतात. आज्ञा पार पडतांच दोघेही मुके होतील, आणि केलेलें परत फिरविण्यास हातांत साधन उरणार नाहीं.

दुसरी त्याहून महत्त्वाची. हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह मध्येंच निजून अर्धवट जागा झाला, किंवा लिहिणें चालू असतां त्याची जोडणी तुटली, तर संगणकाला त्यावरील मांडणी कधीं कधीं वाचतां येत नाहीं. मग तो विचारतो, ही डिस्क वापरण्यापूर्वीं ‘फॉरमॅट’ करावयाची काय? हा प्रश्न दिसण्यांत साळसूद, परंतु परिणामीं भयंकर आहे. ‘फॉरमॅट’ करणें म्हणजे पाटी पुसणें. आंतील छायाचित्रें, प्रकल्प, आजीआजोबांचे ध्वनिमुद्रित शब्द, सर्व कांहीं बहुधा अद्याप सुखरूप असतें. संगणकालाच तेवढें वाचतां आलेलें नसतें. येथें “नाहीं” म्हणावें, डिस्क नीट काढून घ्यावी, आणि दुसऱ्या केबलीनें, दुसऱ्या संगणकावर, शांतपणें पाहावी. तेथेंही तोच प्रश्न आला तर पुढचा प्रयोग स्वतः न करितां जाणत्याच्या हातीं द्यावी. आणि जें एकदां गेल्यास पुन्हां मिळावयाचें नाहीं, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं आधींच ठेवावी. वीज वाचविण्याच्या व्यवस्थेनें आजवर दगा दिला नाहीं, ही कांहीं उद्यांची हमी नव्हे.

शेवटीं काटकसरीविषयीं एक शब्द. वरील उपाय वाचून कोणी असें समजूं नये कीं वीज वाचविणें हीच चूक, आणि म्हणून सगळ्या उपकरणांची झोंप मोडावी. तसें केल्यास लॅपटॉपची बॅटरी लवकर संपूं लागेल आणि एका उपकरणाचा दंड सर्वांस भरावा लागेल. ज्याला निजून उठतां येतें त्याला खुशाल निजूं द्यावें. ज्याला उठतां येत नाहीं त्याच्यापुरतीच सवलत काढून घ्यावी. योजना करणारांनीं तिला ‘निवडक’ हें नांव दिलें आहे. उपाय करणारानेंही तसेंच निवडक राहावें.

विद्यार्थ्यांनीं यासाठीं एक लहानशी वही घालावी. तींत चार रकाने असावे: तारीख, काय घडलें, कोणता एक फेरफार केला, आणि त्यानें काय झालें. अशा दोनचार नोंदी झाल्या कीं दुखणें आपोआप आपलें नांव सांगूं लागतें. पुढें दुरुस्तीसाठीं जावेंच लागलें तर ती वही दाखवितां येते, आणि कारागिराचा वेळ व वडिलांचे पैसे दोन्ही वांचतात. प्रयोगशाळेंत शिकलेली निरीक्षणाची शिस्त घरच्या टेबलावर वापरावयाची ती हीच. “बिघडलें” हा शब्द त्या वहींत लिहावयाचाच असेल, तर तो शेवटच्या ओळींत, सर्व परीक्षा झाल्यावर लिहावा.